वरची, खालचा आणि तिसरी तक्रार

"आठ महिन्यांच्या कुत्र्याला सुट्टी नसते," ताईनं फोनवर बजावलं होतं. "उठलीस की आधी त्याला तासभर पळव. तो दमला तर घर तुझं. नाही दमला तर घर त्याचं."

"हो गं ताई, हो," म्हणत तिनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. ताईला दोन मुलं. तिला साध्या खुर्चीतसुद्धा पडण्याची शक्यता दिसायची. आणि आज तर आठवड्यातली एकुलती एक सुट्टी!

सहा दिवस ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घडवायची. मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा, गुलाबी मसाला ओतायचा, घासायचा, चकाकी आणायची, आणि कुणा परक्या माणसाचं हसू तळहातावर ठेवून जरा तिरकं तर नाही ना, ते बघायचं. सातव्या दिवशी तिला कुणाचंच तोंड बघायचं नसायचं. खिडकीतून कोवळं ऊन येत होतं, पांघरूण ऊबदार होतं. पायाशी भोवरा होता.

भोवरा म्हणजे तिचं कुत्रं. नाव उगाच ठेवलं नव्हतं. स्वतःच्या शेपटीमागे तो असा फिरायचा की बघणाऱ्याला चक्कर यावी. नऊ वाजेपर्यंत त्यानं बिचाऱ्यानं सभ्यपणे वाट पाहिली. नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यानं एका मोज्याचा जीव घेतला. साडेनऊला उशी गेली. पावणेदहाला तो पलंगावरून खुर्चीवर, खुर्चीवरून पलंगावर असा सराव करू लागला, आणि प्रत्येक उडीला जमीन दणाणली.

"शूऽऽ! अरे, तुला कळतंय का? दोन झाल्यात... दोन!"

दोन म्हणजे तक्रारी. त्या तीन मजली अरुंद घराच्या तळमजल्यावर घरमालकीण राहायची. शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका. सगळे तिला हेडबाई म्हणायचे. बाई तोंडानं फारशा भांडत नसत, त्या लिहीत. रेघांच्या कागदावर, लाल शाईत, वेळेसकट. '११.४२ : धावणे. ११.५० : भुंकणे. ११.५१ : पुन्हा धावणे.' आवाज झाला की दोन मिनिटांत खाली दार उघडायचं, काठी टकटक वाजायची, आणि आवाज फारच वाढला तर कागद दाराच्या फटीतून आत यायचा. दुसऱ्या कागदाच्या तळाशी त्यांनी एक ओळ जास्त लिहिली होती. 'तिसऱ्या तक्रारीनंतर कुत्रा येथे राहणार नाही.'

आणि बाईंचे कान भरणारा कोण, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. मधल्या मजल्यावरचा तो. खालचा.

खालच्याला तिनं नीट पाहिलंही नव्हतं. तो बेकरीत कामाला होता. ती झोपेत असताना जायचा आणि ती लॅबमध्ये असताना परतायचा. तिच्या ओळखीचे होते ते फक्त दाराबाहेरचे त्याचे बूट, पिठानं पांढरे झालेले. आणि दणके. तिच्या सुट्टीच्या दिवशी भोवरा जरा हलला की खालून धप्प! धप्प! छताला काठी मारतो मेला, असं म्हणत तीही चिडून टाचेनं तीनदा पाय आपटायची. ठण, ठण, ठण. घे!

तर त्या सकाळी ती भोवऱ्याला दटावत पुन्हा पांघरुणात शिरली. आणि मग एकदम शांतता झाली.

मुलांचं आणि कुत्र्यांचं हे एक सारखंच असतं. आवाज आहे तोवर खुशाल चहा प्यावा. आवाज बंद झाला की हातातलं टाकून धावावं.

ती धावली. टेबलावरचा वाडगा उपडा होता, पाणी सांडलं होतं, दार किलकिलं होतं. आणि वाडग्यात काल संध्याकाळी सांधून भिजत घातलेली हेडबाईंची कवळी... हेडबाईंची! मधोमध तडा गेला म्हणून बाईंनी स्वतः वर येऊन, तोंडाला रुमाल लावून, तिच्या हातात दिलेली कवळी... नव्हती.

"भोवऱ्याऽऽ!"

ती तशीच पायजम्यात, अनवाणी जिना उतरली. मधल्या मजल्याचं दार सताड उघडं होतं. आत कोपरापर्यंत पिठात माखलेला एक उंच माणूस मूर्तीसारखा उभा होता, आणि त्याच्यासमोर शेपटी हलवत बसलेला भोवरा त्याच्याकडे बघून हसत होता. पांढरेशुभ्र, माणसाचे दात दाखवून.

माणसानं सावकाश मान वळवली. डोळे काळेभोर होते आणि त्यातलं हसू आवरता आवरत नव्हतं.

"दात... तुमचे का?"

"माझे नाहीत!" तिनं घाईघाईनं आपले दाखवले. "म्हणजे हेडबाईंचे आहेत."

"ह्यानं बाईंना खाल्लं?"

तिला हसू फुटलं आणि ते फुटल्याचा रागही आला. "चेष्टा सुचतेय तुम्हाला! दुरुस्तीला आलेत ते. माझं कामच आहे ते. धरा ना त्याला, नुसते बघत काय राहिलात!"

"हात बघा माझे. धरला तर चिकटेल."

"बरोबर. छताला काठी मारायला बरे मोकळे असतात हात."

"कसली काठी?"

"दर सुट्टीला! मी घरात असले की धप्प, धप्प, धप्प. आमचं पिल्लू जरा चाललं की तुमच्या डोक्यावर आभाळ कोसळतं!"

त्यानं भुवया उंचावल्या. मग तो टेबलाकडे गेला, पिठाचा एक भलामोठा मऊ गोळा दोन्ही हातांनी उचलला, खांद्यापर्यंत नेला आणि टेबलावर आपटला.

धप्प!

कपाटातले पेले किणकिणले. तिचं तोंड उघडं ते उघडंच.

"हा?" त्यानं विचारलं.

"...हाच."

"ह्या पावाचं पीठ पातळ असतं. मळून भागत नाही, आपटावं लागतं. आज बेकरी बंद. माझीही सुट्टी आजच असते. घरी नवीन पाव करून बघतो." मग त्यानं मान जरा तिरकी केली. "आणि ते वरून येतं ते? ठण, ठण, ठण?"

"तो... राग होता."

"अस्सं..." तो पिठाकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, दाद आहे."

तिचे कान गरम झाले. तीन महिने ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, तो माणूस तीन महिने तिच्या पाय आपटण्यावर खूश होत होता! ती नुसतीच केस कानामागे सारत राहिली, आणि कान लाल आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा पुढे ओढत राहिली.

भोवऱ्याला मात्र असल्या नाजूक क्षणांची कदर नव्हती. त्याच्या नाकाला भाजक्या पावाचा वास लागला. त्यानं टेबलावर झेप घेतली, तोंड उघडलं, आणि कवळी थेट पिठाच्या गोळ्यात जाऊन रुतली.

"अरे देवा..." तिनं ती अलगद उपसून काढली. सांधा शाबूत होता. हिरडीवर मात्र भोवऱ्याच्या सुळ्याची एक बारीक खूण. मग तिचं लक्ष पिठाकडे गेलं आणि तिच्यातली कारागीर जागी झाली. "अहो, बघा ना! साचा काय सुरेख आलाय! दाढसुद्धा स्पष्ट!"

"घ्या. मी दहा वर्षं पाव करतोय, पण माझ्या पिठाला अशी दाद कुणी दिली नव्हती."

तेवढ्यात भोवऱ्यानं तो सुरेख साचाच दातात धरला आणि पळाला.

"कच्चं पीठ खाऊ देऊ नका!" खालचा ओरडला. "पोटात फुगतं ते! धरा त्याला!"

मग जे झालं त्याला शांत सुट्टी म्हणता येणार नाही. भोवरा पुढे, मागे पिठाची लांबच लांब दोरी, तिच्यामागे ही, हिच्यामागे तो. वरच्या मजल्यापर्यंत, पुन्हा खाली, पुन्हा वर. जिन्यातली बादली लाथेसरशी सुटली आणि प्रत्येक पायरीला नमस्कार करत तळाशी पोचली. भोवऱ्याला हा आयुष्यातला सर्वांत सुंदर खेळ वाटत होता, आणि तो तसं पूर्ण आवाजात सांगत होता. शेवटी मधल्या वळणावर तिनं त्याची मान धरली, खालच्यानं जबड्यातून पीठ काढलं, आणि दोघं धपापत पायरीवर बसले. एकमेकांकडे बघितलं. तिच्या नाकाला पीठ, त्याच्या भुवईला पीठ. आणि दोघं असे हसत सुटले, असे हसत सुटले की तिला कठडा धरावा लागला.

मग तिला आठवलं. हसू पटकन मावळलं.

"तिसरी," ती कुजबुजली.

"काय तिसरी?"

तिनं त्याला सांगितलं. दोन कागद, लाल शाई, शेवटची ओळ. भोवऱ्याला ती पावसाळी गटाराजवळून उचलून आणली होती तेव्हा तो तिच्या तळहाताएवढा होता. त्याला सोडून राहणं शक्य नव्हतं, आणि ह्या भाड्यात दुसरं घर मिळणंही शक्य नव्हतं.

"मी सांगतो बाईंना, पीठ माझं होतं म्हणून," तो म्हणाला. मग उठून आत गेला आणि नुकत्याच काढलेल्या पावाचा मोठा तुकडा घेऊन आला. "शिक्षा व्हायचीच आहे, तर पोटभर खाऊन होऊ दे."

पाव गरम होता. कवच करकरीत, आत कापसासारखा. तो तिच्याकडे बघत होता, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसा.

"कसा झालाय?"

"ठण, ठण, ठण," तिनं पायरीवर टाच आपटली. ह्या वेळी हळू.

तो हसला. ऊन जिन्याच्या खिडकीतून त्याच्या मनगटावर आलं होतं, पिठाचे कण त्यात चमकत होते, आणि ती तिकडे बघायचं नाही असं ठरवून तिकडेच बघत होती. पाच मिनिटं गेली. दहा गेली. खालचं दार उघडलं नाही. काठी वाजली नाही.

"सुटलो!" तो म्हणाला. "माफ केलं बाईंनी."

तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती तळमजल्याचा कानोसा घेत राहिली. "नाही... असं होत नाही. पाऊल वाजलं तरी त्या येतात. आज तर बादली पार त्यांच्या दारापर्यंत गेली."

"अहो, त्यांचे दात तुमच्याकडे. बोळक्या तोंडानं भांडायला येतील का त्या?"

"त्या भांडत नाहीत. लिहितात." ती उठून उभी राहिली होती. "आणि लिहायला दात लागत नाहीत."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं. दोघं एकदमच खाली धावले.

दार वाजवलं. "बाई! बाई, मी वरची!" उत्तर नाही. त्यानं दाराला खांदा लावला. जाड जुनं लाकूड, हललंसुद्धा नाही. ती मागच्या अंगणात गेली. स्वयंपाकघराची खिडकी उंचावर होती, कडी आतून लावलेली, पण दोन झडपांमध्ये दोऱ्याएवढी फट होती.

"दोन मिनिटं!" म्हणत ती वर पळाली आणि मेण कोरायचं आपलं पातं घेऊन आली. पानासारखं पातळ, बोटासारखं आज्ञाधारक. "मला उचला."

त्यानं हातांची पायरी केली. कुणीतरी आपल्याला उचलून धरतंय असं चित्र तिनं आयुष्यात एकदोनदा रंगवलं होतं. त्यात हातात पातं नव्हतं आणि काळीज असं धडधडत नव्हतं. तिनं पातं फटीत सरकवलं. श्वास रोखला. रोज दोन दातांमधली केसाएवढी जागा ज्या बोटांनी साधायची, त्या बोटांनी अंदाज घेतला... जरा वर... अजून जरा... आणि कडी टक्कन निसटली. ती आत उतरली आणि त्याला दार उघडलं.

हेडबाई पलंग आणि न्हाणीघर यांच्या मध्ये फरशीवर पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला, ओठ सुकलेले, हात बर्फासारखे. पण डोळे उघडे होते. तिला पाहताच बाईंनी आधी काय केलं? हात उचलून आपलं तोंड झाकलं.

"असू दे हो, बाई," ती त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसली. "मी दिवसभर तेच बघते."

बाईंना उचलायला पुढे झालेल्या खालच्याला तिनं हातानंच थोपवलं. "हलवू नका! पांघरूण आणा. ॲम्ब्युलन्सला फोन करा." तो निमूटपणे तिचं ऐकत गेला. बाई पहाटे सहाला पडल्या होत्या. हाक मारून मारून घसा बसला होता. तिनं ओल्या कापडानं त्यांचे ओठ भिजवले आणि गाडी येईपर्यंत त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घासत राहिली. बाईंनी तिचं बोट असं घट्ट धरलं होतं, जसं तान्हं मूल धरतं.

संध्याकाळी ऑपरेशन होऊन बाहेर आलेले डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. उद्यापर्यंत तशाच राहिल्या असत्या, तर मी काही सांगू शकलो नसतो." खालच्यानं तिला बाकावर बसवलं, आणि तिला रडू आलं, आणि रडता रडता तिनं अंगातला पायजमा पाहिला आणि हसूही आलं.

परतताना रस्त्यावर दिवे लागले होते. दोघं जरा जास्तच हळू चालत होते.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ते पीठ... किती वेळा आपटावं लागतं हो?"

"खरं सांगू?"

"खोटं चालणार नाही."

"दहा-बारा वेळा. बास."

"काहीतरीच! तुमचं तर अर्धा अर्धा तास चालायचं. मी मोजायचे ना, रागानं!"

"हो..." तो थांबला. दिव्याखाली त्याचा चेहरा कावराबावरा झाला होता. पहाटे भट्टीपुढे न डगमगणारा माणूस, शब्दांपुढे घामाघूम. "दहानंतरचे सगळे... वरून उत्तर यावं म्हणून होते. पाव बिघडायचे. फार आपटलं की बिघडतात. मी तीन महिने बिघडलेले पाव खाल्लेत... तुझ्यामुळे."

तुझ्यामुळे. ती त्या शब्दाजवळ क्षणभर उभी राहिली. मग तिनं हात पुढे केला आणि त्याच्या भुवईवरचं सकाळपासूनचं वाळलेलं पीठ बोटानं पुसलं. सावकाश... पुसायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ.

"आता नको बिघडवूस," ती म्हणाली. "मी खालीच येत जाईन."

हेडबाई दीड महिन्यानं घरी परतल्या. वॉकर, नव्यानं चकाकवलेली कवळी, आणि आवाज पूर्वीसारखाच, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ती आणि खालचा त्यांना दारापाशी घ्यायला उभे होते, आणि भोवरा तिच्या पायांत बसून शेपटीनं फरशी झाडत होता. बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"त्या दिवशी ह्याचं पळणं मला ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हा दोघांचं हसणंही. मी पडल्या पडल्या मनात वेळा टिपत होते. अकरा वीस, धावणे. अकरा बावीस, बादली. झोप येत होती, पण म्हटलं, झोपले तर नोंद चुकेल." त्यांनी वॉकर जरा पुढे सरकवला. "जागं ठेवलंत मला."

दुसऱ्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, ताईचा उपदेश शिरोधार्य मानून तिनं भोवऱ्याला तासभर पळवलं. तो घरी येऊन मेल्यासारखा झोपला. घर कसं शांत, निवांत. साडेदहाला खाली काठी वाजली. जिना चढवेना म्हणून बाईंनी खालच्याला कामाला लावलं असावं, कारण तोच हसत हसत कागद घेऊन वर आला. रेघांचा कागद. लाल शाई.

'तक्रार क्रमांक तीन. ९.०० ते १०.३० : वरून काहीही आवाज नाही. हे चालणार नाही. कुत्रा येथेच राहील व रोज धावेल. पाववाल्यानेही पीठ आपटत जावे.' आणि तळाशी, जरा लहान अक्षरात : 'दोघांनी दोन मजल्यांचे भाडे भरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. विचार व्हावा.'

तिनं कागद वाचला. त्यानं तिच्या खांद्यावरून वाचला. "बाईंची आज्ञा मोडायची नसते," तो तिच्या कानाशी म्हणाला. तिनं भोवऱ्याला उठवलं, दोन्ही पुढचे पाय धरून उभं केलं, आणि मग ते तिघं त्या खोलीत असे नाचले, असे नाचले की खालच्याच्याही खालच्या मजल्यापर्यंत भिंती हादरल्या.

झाली गोष्ट. आता ही मिटलीत की एक काम कराल? तुमच्या जिन्यात, शेजारच्या फाटकाआड, नाहीतर नात्यातच कुणीतरी एकटं राहणारं, सतत कुरकुरणारं माणूस असेल. कुंडीचं पाणी खाली गळतं, मुलं खेळताना ओरडतात, असं रोज ऐकवणारं. आठवून बघा, शेवटचं कधी ऐकवलं होतं? परवा? त्याच्या आधी? मग चपला घाला आणि जाऊन त्यांचं दार वाजवा. बहुतेक तर सगळं ठीकच असेल, आणि दुपारच्या झोपेतून उठवलं म्हणून बोलणी खावी लागतील. खाऊन घ्या. पण फोनवर नको हं, प्रत्यक्ष जा. आजच जा.